तुमच्या सिनेमात माझ्या आईचा आवाज कुठे आहे?

श्री. व्हिडिओग्राफर, बोरिवली (पश्चिम) यांस,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमचं कोटेशन, तुमचे निरोप आणि तुमची सही माझ्याकडे आहे. त्यांची जागा ग्राहक आयोगाच्या फाइलमध्ये आहे. पत्र खुलं लिहिते आहे, कारण तुळशीची लग्नं लागली की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पुन्हा तारखा धरल्या जातील आणि तुमच्यासमोरच्या खुर्चीत माझ्यासारखीच एखादी आई येऊन बसेल. तिनंही हे वाचावं. पण आधी तुम्ही वाचा.

मार्गशीर्षात माझ्या मुलीचं लग्न झालं. मुलुंडच्या कार्यालयात मुहूर्त दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांचा होता. अंतरपाट धरलेला होता. गुरुजींची मंगलाष्टकं म्हणून झाली आणि माझी आई उभी राहिली. वय ८३. हातात वहीचा फाडलेला कागद, चष्मा नाकावर घसरलेला. स्वतः रचलेलं मंगलाष्टक ती म्हणणार होती. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षराला थांबायचं. ते जमवायला तिला दीड महिना लागला होता. त्यात दोन्हीकडची कुलदैवतं होती, माझ्या वडिलांचं नाव होतं, जावयाच्या आजोळचं गाव होतं. ते गाव वृत्तात बसेना म्हणून तिनं ती ओळ चार वेळा मोडून पुन्हा बांधली होती. म्हणताना आवाज थरथरला, पण सूर सुटला नाही. ती 'सावधान' म्हणाली तेव्हा अख्खं कार्यालय गप्प होतं.

चैत्रात आई गेली. ज्येष्ठात तुमचा व्हिडिओ आला.

बावीस मिनिटांच्या त्या 'फिल्म'मध्ये आई एकदाच दिसते, पाठमोरी, जेमतेम दीड सेकंद. मंगलाष्टकांच्या जागी एक हिंदी गाणं आहे. अक्षता अतिशय हळू हळू पडतात. मुलीच्या मेंदीवर कॅमेरा दोनदा फिरतो, जावयाच्या घड्याळावर तीनदा. गुरुजींचा आवाज नाही, आईचा नाही, कुणाचाच नाही. लग्नघरातली २८० माणसं तुम्ही मुकी करून पाठवलीत.

मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "काकू, आजकाल सगळं म्युझिकवरच असतं." मी म्हटलं, ठीक आहे, मूळ चित्रीकरण द्या, आम्ही आमचं बघू. दोन दिवसांनी निरोप आला की रॉ डेटा डिलीट झाला, ९० दिवसांच्या वर ठेवत नाही. हे ९० दिवस मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. कोटेशनवर नाहीत, बोलण्यात आले नव्हते. फिल्मच तुम्ही साडेसहा महिन्यांनी दिलीत. म्हणजे आम्ही काही पाहायच्या आधीच मूळ पुसून टाकायचं, असा तुमचा नियम निघाला.

तुमच्याकडे मी आले कशी तेही सांगते, कारण चूक तिथूनच सुरू झाली. मुलीनं इन्स्टाग्रामवर तुमचं काम पाहिलं. आम्ही मुलुंडहून बोरिवलीला आलो, तुमच्या थंडगार केबिनमध्ये बसलो आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तुम्ही आम्हाला सहा लग्नं दाखवलीत. प्रत्येक लग्न चार मिनिटांचं. सगळीच सुंदर होती. संध्याकाळचं ऊन, उडणारा पदर, पाण्यातली प्रतिबिंबं. सहांपैकी एकाही लग्नात एक माणूसही काही बोलत नव्हता, हे माझ्या लक्षात तेव्हा यायला हवं होतं. आलं नाही, कारण चार मिनिटं गाणं चालू असलं की शांतता जाणवत नाही.

मी तुम्हाला एकच गोष्ट वेगळी सांगितली होती. माझी आई स्वतःचं मंगलाष्टक म्हणणार आहे, ते नीट ऐकू आलं पाहिजे. तुम्ही मान हलवलीत. घरी आल्यावर मी तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं आणि तुमचं उत्तर आलं, "ऑडिओ क्लीन घेऊ काकू, टेन्शन नॉट." ते उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी ३२ वर्षं बँकेत काढली. लेखी शब्दाची किंमत मला माहीत आहे.

लग्नाच्या दिवशी तुम्ही आलाच नाहीत. तीन मुलं आली, विशी-बाविशीची. त्यातल्या एकाला मी जेवायला बसवलं तेव्हा कळलं की त्या दिवशी तुमच्या नावानं तीन ठिकाणी कामं चालू होती. ही मुलं दिवसाच्या रोजावर आलेली, तुमच्याशी त्यांची भेट कॅमेरे घेण्यापुरती झालेली. पहाटेपासून चहाही मिळाला नव्हता त्यांना. मी विचारलं, "आजीच्या मंगलाष्टकाचं सांगितलंय ना तुम्हाला?" तो म्हणाला, "नाही हो मावशी, सरांनी सांगितलं कपलचे क्लोज-अप आणि पाच रील्सचं मटेरियल." त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. दाट मुहूर्ताच्या दिवशी तीन लग्नं अंगावर घ्यायची, तिन्हीकडे मुलं पाठवायची आणि चेहरा फक्त सौदा ठरवताना दाखवायचा, हा हिशेब तुमचा आहे. चातुर्मासात लग्नं थांबतात, उरलेले मुहूर्त थोडे आणि शनिवार-रविवारला जोडून आलेले तर त्याहून थोडे, हे मला कळतं. एका दिवसात तीन दिवसांची कमाई करावीशी वाटते, हेही कळतं. पण मग समोरच्याला सांगा की मी येणार नाही, माझा माणूस येईल. तो माणूस आधी भेटवा.

संध्याकाळी अंधेरीला स्वागत समारंभ होता. तिथे पोचायचं म्हणून तुमच्या मुलांनी झालीचा विधी अर्धवट टाकून सामान आवरलं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाड्या अडकतात हे पूर्व आणि पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन कॅमेरे तिथे, एक इथे, एवढं नियोजन तुम्हाला करता आलं असतं. माझ्या विहीणबाईंच्या डोक्यावर झालीची परडी धरली आणि मागे दिवे लावलेले होते, त्या वेळी चित्र घ्यायला कुणी नव्हतं.

ड्रोनचे तुम्ही बारा हजार लावलेत. आदल्या रात्री कळवलंत की परवानगी मिळाली नाही. अहो, ती मिळणं अवघड आहे हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं! २०२१च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. अंधेरी सहारच्या विमानतळाला चिकटून आहे, दुसऱ्या अंगाला जुहूची धावपट्टी आहे, आणि वर मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढत असतात. अंधेरीच्या लॉनवर ड्रोन उडवण्याचे पैसे घेणारा माणूस एकतर नियम वाचत नाही किंवा समोरच्यानं वाचले नसतील असं धरून चालतो. बारा हजार अजून परत आलेले नाहीत.

हे सगळं मी गिळलं असतं. ड्रोन, झाल, एलईडीच्या भिंतीसमोर चित्रात सरकणारे काळे पट्टे, सगळं. शटर त्या भिंतीच्या रिफ्रेश रेटला जुळवून ठेवलं की असे पट्टे बहुतेक वेळा टळतात, हे मला नंतर एका जाणत्या छायाचित्रकारानं सांगितलं. तेही सोडलं असतं. आवाज सोडता येत नाही.

आवाज गेला कसा, हेही मी त्याच गृहस्थांकडून समजून घेतलं. गिंबलवरचा कॅमेरा तुमच्या मुलानं पूर्ण वेळ स्लो मोशनवर ठेवला होता. त्या मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज नोंदलाच जात नाही. तुम्हाला अक्षता हळू पडायला हव्या होत्या, त्यासाठी तुम्ही कान बंद केलात. दुसऱ्या कॅमेऱ्यावर मुलाच्या म्हणण्याप्रमाणे फक्त जवळच्या लेन्स होत्या, नवरा-नवरीचे चेहरे घ्यायला. तिसरा, ज्याला तुम्ही लोक 'ट्रॅडिशनल' म्हणता आणि ज्याचे पैसे सर्वांत कमी लावता, तो तिपाईवर उभा होता. तो सलग चालू होता. त्याच्यावर त्याचा स्वतःचा माइक होता. कार्यालयाच्या ध्वनियंत्रणेतून एक वायर घेऊन रेकॉर्डरला जोडली असती तर आईचा प्रत्येक शब्द स्वच्छ आला असता. कारण तिच्या तोंडासमोर कार्यालयाचा माइक होता. गुरुजींच्या उपरण्याला छोटा कॉलर माइक लावला असता तरी पुष्कळ होतं. दहा मिनिटांचं काम.

आणि माझा सर्वांत मोठा आरोप पुढेच आहे. मंगलाष्टकांच्या आधी तुमच्या मुलानं माइकवरून घोषणा केली, "प्लीज सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवा, फ्रेम खराब होते." आमच्याकडची माणसं सभ्य. सर्वांनी फोन खिशात टाकले. माझ्या भावानं टाकला, पुतण्यानं टाकला, माझ्या मावशीनं पर्समध्ये ठेवला. कार्यालयात त्या घडीला शंभर तरी फोन होते. प्रत्येकात आईचा आवाज कमी-अधिक आला असता. तुम्ही बाकीचे सगळे साक्षीदार बसवलेत, आम्ही आहोत म्हणालात, आणि तुमचाच साक्षीदार नंतर पुसून टाकलात.

एका शेजारणीच्या मुलीनं ऐकलं नव्हतं. शेवटच्या रांगेतून तिनं १४ सेकंद घेतले आहेत. त्यात पंख्याची घरघर आहे, कुणाचं तरी बाळ रडतंय आणि त्याच्यामागे आईचे दोन शब्द ऐकू येतात. त्या दोन शब्दांवर आम्ही आहोत.

माझं स्वतःचं लग्न १९८९ साली घाटकोपरला झालं. व्हिडिओ काढायला नवऱ्याच्या ओळखीचे एक गृहस्थ आले होते. खांद्यावर भला मोठा कॅमेरा आणि मागे हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा, त्या दिव्यानं सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट. कलात्मक म्हणावं असं तिच्यात काही नाही. चित्र मध्येच तिरकं होतं, मध्येच कुणाच्या तरी पाठीवर जातं. पण ते गृहस्थ सकाळी गौरीहरापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत थांबले आणि जे घडलं ते जसंच्या तसं घेत राहिले. म्हणून त्या कॅसेटमध्ये माझे वडील आहेत. पंगतीच्या कडेनं ते चालत येतात, धोतराचा सोगा सावरतात आणि विचारतात, "मठ्ठा पोचला का त्या टोकाला?" वडील २००४ साली गेले. ते माझ्याशी अनेकदा मोठं, गंभीर असं काही बोलले असतील. आवाज उरला आहे तो मठ्ठ्याची चौकशी करणारा. कॅसेटला बुरशी लागायला लागली तेव्हा मी ती डीव्हीडीवर घेतली, डीव्हीडी वाजेनाशी होण्याआधी पेन ड्राइव्हवर, आणि आता ती दोन ठिकाणी ठेवली आहे. मुलीनं तिच्या आजोबांना कळत्या वयात पाहिलं नाही. त्यांचा आवाज तिला माहीत आहे तो त्या कॅसेटमुळे.

तुमच्या केबिनमध्ये तुम्ही या प्रकाराला हसला होतात. "ते जुन्या टाइपचं शूटिंग, काकू. ते कोण बघतं?" मी बघते. दर वर्षी वडिलांच्या तिथीला आम्ही सगळे बघतो.

तुमच्या धंद्याचा मूळपुरुष मराठी होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. मुंबईचे छायाचित्रकार. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, आणि १९०१च्या डिसेंबरात केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं चौपाटीवरचं स्वागत. तेही समारंभाचंच चित्रीकरण. समोर जे घडतंय ते पुढच्यांसाठी धरून ठेवायचं, एवढंच ते काम होतं. सावेदादांच्या त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. १४ मार्च १९३१ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा', हिंदुस्थानातला पहिला बोलपट, त्याचीही एक प्रत शिल्लक नाही. पडद्यावरचे पहिले बोल, आणि आज ते कुणालाही ऐकता येत नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी, कुजणारी. जपायच्या सोयी नव्हत्या, जपावं ही समजही नव्हती. त्यांना आपण माफ करू शकतो.

तुमच्याकडे सगळ्या सोयी होत्या. हिशेब करून दाखवते. शंभर मेगाबिटच्या दरानं फोरके चित्रीकरणाचा एक तास म्हणजे साधारण ४५ जीबी. तीन कॅमेरे, दोन दिवसांत प्रत्येकी बारा तास धरले तरी १,६२० जीबी. दोन टीबीच्या एका हार्ड डिस्कमध्ये आमचं सगळं लग्न मावलं असतं आणि जागा उरली असती. ती डिस्क तळहातावर मावते, काही हजारांना मिळते. तुम्ही आमच्याकडून १ लाख ४५ हजार घेतलेत. डिस्कचे वेगळे पैसे मागितले असते तर मी तिथल्या तिथे दिले असते. तुम्ही विचारलंच नाहीत, कारण आमचं लग्न तुमच्या लेखी पाच रील्सचं मटेरियल होतं. ती रील्स काढून झाली होती.

आता कायद्याचं. कोटेशनच्या पाठीमागे बारीक अक्षरात तुम्ही छापलं आहे की डेटा गेल्यास स्टुडिओ जबाबदार नाही. अशी ओळ छापल्यानं सेवेतली त्रुटी नाहीशी होत नाही. दुसरं, तुमची समजूत दिसते की चित्रीकरण तुमचं आणि आम्हाला त्यातलं तुम्ही द्याल तेवढं. स्वामित्व हक्काचा १९५७चा कायदा काढून कलम १७ (ख) वाचा. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा चित्रफीत केली, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला मालक ती करवून घेणारा असतो. आपल्यात उलट करार नाही. म्हणजे तुम्ही जे पुसलं ते आमचं होतं. पाठवणीच्या वेळी मुलगी माझ्या गळ्यात पडून रडते तो तुकडा तुम्ही तुमच्या जाहिरातीत न विचारता वापरलात, तोही आमचाच होता.

मी मुलुंडला राहते, म्हणून बोरिवलीच्या तुमच्या दारात भांडायला मला यावं लागणार नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार ग्राहकाच्या राहत्या जागेच्या जिल्ह्यात करता येते. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अडलं तर पार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत आहे; त्यांचं नाव मी बँकेत असल्यापासून ऐकते आहे, १९७५पासून त्यांचं काम चालू आहे. तुमचे निरोप, यूपीआयच्या नोंदी, कोटेशन, सगळं तारीखवार लावून झालं आहे.

ज्या घरांत आता व्हिडिओवाला शोधणं चालू असेल, त्यांना चार गोष्टी सांगते. चार मिनिटांची झलक पाहून पैसे देऊ नका. एका लग्नाचा संपूर्ण व्हिडिओ मागा, तोही मराठी लग्नाचा, आणि गाणं बंद करून पाहा. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी कॅमेरा कुठे होता ते बघा. आपल्याकडे तो क्षण पंचांगातल्या मिनिटाला येतो आणि पुन्हा घेता येत नाही. हाराच्या वेळी थांबा म्हणता येईल, मुहूर्ताला थांबा म्हणता येत नाही. कानपिळी कधी, लाजाहोमात भाऊ कुठे उभा राहतो, सप्तपदी कुठल्या बाजूनं, हे ज्याला सांगावं लागतं त्याला विधींची यादी वेळेसकट लिहून द्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं नात्यांसकट द्या. शक्य असेल तर एक भाचा किंवा पुतणी त्यांच्याबरोबर दिवसभर ठेवा, बोटानं दाखवायला.

लग्नाला प्रत्यक्ष कोण येणार ते नावानिशी लिहून घ्या. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकाच वेळी भरतात का, आवाज कशावर घेणार, त्याच रात्री दुसरी प्रत कुठे करणार, मूळ चित्रीकरण किती दिवसांत हातात देणार, हे प्रश्न विचारताना संकोच करू नका. डिस्क आपली द्या. लग्नानंतर आठ दिवसांत सगळं मूळ तिच्यावर घ्या, मग त्यांची फिल्म सहा महिन्यांनी आली तरी चालेल. आणि पैसे टप्प्यानं. मी लग्नाच्या दिवसापर्यंत नव्वद टक्के देऊन बसले होते, त्यामुळे नंतरच्या सहा महिन्यांत माझ्या फोनला उत्तर द्यायची त्यांना गरजच उरली नाही. तिसरा हिस्सा मूळ चित्रीकरण हातात आल्यावरच द्यावा. कुणी फोन खाली ठेवा म्हणालं तर आपल्या घरातला एक फोन पहिल्या रांगेत चालू ठेवा.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते. गाण्यांचं थोडक्यात सांगते. लग्नसमारंभात गाणी वाजवायला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारनं जुलै २०२३मध्ये स्पष्ट केलं. पण तेच गाणं व्हिडिओवर चढवून यूट्यूबवर टाकणं वेगळं, त्याला मालकाची परवानगी लागते. तुम्ही आम्हाला दिलेली लिंक आठवड्यातच मुकी झाली ती त्यामुळे. आईचा आवाज काढून जे गाणं घातलंत, ते वापरायचाही तुम्हाला अधिकार नव्हता.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी पत्र लिहायला बसले. डेटा डिलीट झाला असं तुम्ही मला आषाढात कळवलंत. श्रावणात तुमच्या इन्स्टाग्रामवर नवं रील आलं, पुढच्या हंगामाच्या बुकिंगचं. वीस सेकंदांच्या त्या रीलमध्ये दोन सेकंद आमचं लग्न आहे. त्यातलं दृश्य आम्हाला दिलेल्या फिल्ममध्ये नाही. त्यात अंतरपाटाच्या अलीकडे माझी आई उभी आहे, समोरून, हातात तो कागद, आणि तिचे ओठ हलताहेत. वेग साधा आहे, स्लो मोशन नाही. मी ते रील माझ्या फोनवर उतरवून ठेवलं आहे.

म्हणजे ते चित्रीकरण आषाढानंतरही तुमच्याकडे कुठेतरी होतं. एखाद्या जुन्या डिस्कवर, एडिटरच्या घरच्या कॉम्प्युटरवर, कुठल्यातरी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये. ज्या कोनातून ते दिसतं तो तिपाईवरच्या कॅमेऱ्याचा कोन आहे, आणि त्या कॅमेऱ्यावर माइक होता.

ते शोधा. तुमच्या एडिटरला विचारा, त्या तीन मुलांना विचारा. कार्ड सापडलं तर ते पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका, फॉरमॅट करू नका, त्यावर एकही नवीन फोटो काढू नका. पुसलेलं चित्रीकरण त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत परत मिळण्याची शक्यता असते, आणि ते परत मिळवून देणाऱ्यांचा खर्च मी करीन. संपादन नको, रंग नको, संगीत नको. दुपारी बारा ते साडेबारा एवढा अर्धा तास, आहे तसा, माझ्या पत्त्यावर पाठवा. पत्ता तुमच्या कोटेशनवर आहे.